नवी करपद्धत घेतल्यावर पीएफ, पीपीएफ, एनपीएस यांचा करासाठी काही उपयोग उरतो का?

पगारदार (१२ जानेवारी २०२६)

मंडळी, नमस्कार. वय ३८, पुण्यात आयटीत नोकरी. वर्षाचा ढोबळ पगार १८ लाख, त्यात मूळ वेतन ९ लाख, म्हणजे महिना ७५,०००. महागाई भत्ता नाही. पीएफ महिना ९,००० माझे, तेवढेच कंपनीचे, आणि कंपनीचे १८ लाखांच्या बाहेर. घर स्वतःचं, कर्ज फिटलेलं, त्यामुळे घरभाड्याची सूट नाही आणि व्याजाचीही नाही. दोन वर्षांपासून नव्या करपद्धतीत आहे.

प्रश्न असे. पीपीएफचं खातं २०१६ च्या ऑगस्टमधलं आहे. नव्या पद्धतीत ८०सी (बचतीवरची दीड लाखांपर्यंतची वजावट) मिळत नाही, मग त्यात पैसे कशाला अडकवायचे, असं ऑफिसात सगळेच म्हणतात. खरं का?

एचआरचा मेल आलाय: एप्रिलपासून कॉर्पोरेट एनपीएस (कंपनीमार्फतची राष्ट्रीय पेन्शन योजना) हवं असेल तर महिनाअखेरपर्यंत कळवा, मूळ वेतनाच्या १० टक्के की १४ टक्के तेही लिहा. रक्कम विशेष भत्त्यातून वळती होणार. घ्यावं का?

आधीच्या कंपनीचा पीएफ तिथेच पडून आहे. साडेतीन वर्षांची नोकरी, साधारण ४ लाख. या कंपनीत येऊन सव्वा वर्ष झालं. त्याआधी स्वतःचा छोटा व्यवसाय होता, तेव्हा पीएफ नव्हता. ते ४ लाख काढून गाडीचं कर्ज फेडायचा विचार आहे.

शेवटचं, बायको फ्रीलान्स डिझायनर आहे, तिच्या नावावर यातलं काहीच नाही. मुलगी सात वर्षांची. तिच्या नावाने पीपीएफ उघडून आणखी दीड लाख भरता येतील का?

हिशेबनीस

तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तिथे हातचे पैसे जाणार आहेत. ते ४ लाख काढू नका.

पीएफची रक्कम करमुक्त मिळायला सलग पाच वर्षांची सेवा लागते. तुमची त्या खात्यातली साडेतीन. आता काढलीत तर कंपनीचा हिस्सा आणि त्यावरचं व्याज पगार म्हणून करपात्र, तुमच्या हिश्श्यावरचं व्याज इतर उत्पन्न म्हणून करपात्र. ज्या वर्षी तुम्ही जुन्या पद्धतीत होतात आणि पीएफवर ८०सी घेतली होती, ती वजावटही उलटते. रक्कम ५०,००० किंवा जास्त असेल तर आधी १० टक्के टीडीएस कापूनच पैसे येतात, म्हणजे ४ लाखांवर ४०,००० जागेवर गेले. लोक समजतात की कर तेवढाच. तो नुसता टीडीएस. करपात्र भागावरचा खरा कर तुमच्या स्लॅबने विवरणपत्रात निघतो. पॅन जोडलेला नसेल तर टीडीएस २० टक्के.

हेच खातं आत्ताच्या कंपनीच्या खात्यात वर्ग केलंत तर जुनी सेवा मोजली जाते. साडेतीन अधिक सव्वा, पावणेपाच. आणखी तीन महिन्यांत पाच पूर्ण. तीन महिन्यांसाठी एवढा कर भरायचा?

शिवाय नोकरी सोडल्यानंतर न हलवलेल्या खात्यात जे व्याज पडतं ते करपात्र धरलं जातं. बरेच लोक ते विवरणपत्रात दाखवत नाहीत, पण न दाखवल्याने ते करमुक्त होत नाही.

वर्ग करताना अर्ज कुठे अडकतो ते सांगतो. मेंबर पोर्टलवर आधी 'सर्व्हिस हिस्ट्री' उघडा. जुन्या कंपनीसमोर सोडल्याची तारीख दिसली पाहिजे. रिकामी असेल तर अर्ज पुढे जातच नाही. शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने झाले की ती तारीख तुम्हाला स्वतःला 'मार्क एक्झिट'मधून भरता येते, जुन्या कंपनीच्या मिनतवाऱ्या करायला नकोत. तारीख मात्र नीट भरा, जुन्या नोकरीचा शेवटचा दिवस आणि नव्याचा पहिला दिवस एकमेकांवर चढले की अर्ज परत येतो. मग आधार, पॅन, बँक तिन्ही पडताळलेले आहेत का ते पाहा. आधारवर वडिलांचं नाव मधे आहे आणि पीएफमध्ये नाही, हा आपल्याकडचा हमखास घोळ. तो आधी दुरुस्त करा. हे झालं की 'वन मेंबर वन ईपीएफ अकाउंट', ओटीपी, आणि वाट पाहणं.

आणि वर्ग करण्याआधी दोन्ही पासबुकं उघडून तिसरा रकाना बघा, पेन्शनचा. कंपनीच्या हिश्श्यातून त्यात दरमहा १,२५० जातायत का ते इथे लिहा. तुम्ही पीएफमध्ये पहिल्यांदाच आलात ते सप्टेंबर २०१४ नंतर, आणि तेव्हाच मूळ वेतन १५,००० च्या वर असणार. म्हणून विचारतोय.

तिरकस

पीपीएफ बंद करा म्हणणाऱ्या तुमच्या ऑफिसवाल्यांना एकच विचारा: व्याज करमुक्त राहिलं की गेलं?

अशा खात्याला कराची तीन दारं असतात. पैसे घालताना वजावट, वाढताना व्याजावर माफी, काढताना माफी. नव्या पद्धतीने पहिलं दार लावून घेतलं. उरलेली दोन उघडी आहेत. पीपीएफचा ७.१ टक्के दर (एप्रिल २०२० पासून हलला नाही) आजही पूर्ण करमुक्त. तुमच्या वरच्या स्लॅबला, २० टक्के अधिक सेस, बँकेच्या ठेवीवर कर भरून ७.१ हातात यायला बँकेने जवळजवळ ९ टक्के द्यायला हवेत. ती बँक सापडली तर मलाही सांगा.

खातं ऑगस्ट २०१६ चं, म्हणजे मुदत पंधरा वर्षं ऑगस्टपासून नाही, ३१ मार्च २०१७ पासून मोजायची. १ एप्रिल २०३२ ला पूर्ण. तोपर्यंत वर्षाला किमान ५०० भरावेच लागतात, नाहीतर खातं खंडित, आणि मग प्रत्येक चुकलेल्या वर्षाचे ५०० अधिक ५० रुपये दंड. पैशांची नड आलीच तर तुमच्या खात्यातून आता अंशतः काढताही येतात: चार वर्षांपूर्वीच्या अखेरची शिल्लक आणि गेल्या वर्षाअखेरची शिल्लक, यांतल्या कमी रकमेच्या निम्मे, वर्षातून एकदा.

पाच तारखेचं माहीत असेलच, तरी लिहितो. व्याज धरतात ते पाच तारीख आणि महिनाअखेर यांमधल्या सर्वांत कमी शिल्लकेवर. दीड लाख ४ एप्रिलला भरले तर त्या वर्षाचं व्याज १०,६५०. तेच ६ एप्रिलला भरले तर ९,७६२ रुपये ५० पैसे. दोन दिवसांचे ८८७ रुपये ५० पैसे. चेक टाकत असाल तर तो वटल्याची तारीख धरतात, टाकल्याची नाही. आणि कर वाचवायला म्हणून ३१ मार्चला भरणाऱ्यांना त्या वर्षाचं व्याज शून्य. ८०सी नसल्यामुळे आता मार्चची धावपळ तरी संपली, हा नव्या पद्धतीचा उपकारच म्हणायचा.

२०३२ मध्ये पुढे चालू ठेवायचं असेल तर एका वर्षाच्या आत फॉर्म ४ द्यायचा. फॉर्म न देता पैसे भरत राहिलात तर त्या भरण्यावर व्याज नाही. बँकेचं ॲप पैसे घेताना हूं का चूं करत नाही, फॉर्मची आठवण आपणच ठेवायची.

मुलीचं: तिच्या नावाने पीपीएफ उघडता येतं, पण पालक म्हणून तुमचं आणि तिचं मिळून वर्षाला दीडच लाख. जास्तीचे बिनव्याजी परत येतात. तिच्यासाठी सुकन्या समृद्धी पाहा. मर्यादा वेगळी, दर सध्या ८.२, खातं दहा वर्षांच्या आत उघडावं लागतं, आणि तुमच्याकडे तीन वर्षं आहेत.

हिशेबनीस

आता एनपीएस. वजावटीच्या बाजूने नव्या पद्धतीत तुमच्या हातात उरलेली मोठी गोष्ट हीच. स्वतः भरलेल्या एनपीएसवर काही नाही, ८०सीसीडी(१) नाही आणि ५०,००० वाली (१बी) पण नाही. पण मालकाने भरलेली रक्कम, ८०सीसीडी(२), मूळ वेतन अधिक महागाई भत्ता यांच्या १४ टक्क्यांपर्यंत वजा होते. जुन्या पद्धतीत खासगी नोकरदाराला हीच मर्यादा १० टक्के. (कलमं १९६१ च्या कायद्यातली लिहितोय. १ एप्रिलपासून २०२५ चा कायदा लागू होतोय, क्रमांक बदलतील.)

चालू वर्षाच्या दरांनी तुमचा हिशेब.

एनपीएस नसताना: १८,००,००० वजा प्रमाणित वजावट ७५,०००, उरले १७,२५,०००. कर: ४ ते ८ लाखांवर २०,०००, ८ ते १२ वर ४०,०००, १२ ते १६ वर ६०,०००, वरच्या सव्वा लाखावर २५,०००. एकूण १,४५,०००, सेससकट १,५०,८००.

१४ टक्के एनपीएस घेतल्यावर: ९ लाखांचे १४ टक्के १,२६,०००. करपात्र १५,९९,०००. कर १,१९,८५०, सेससकट १,२४,६४४.

वाचले २६,१५६. हातात येणारा पगार वर्षाला १,२६,००० ने नाही, ९९,८४४ ने कमी होतो, महिना साधारण ८,३२० ने. तेवढ्यात दरमहा १०,५०० एनपीएसमध्ये पडतात.

जुन्या पद्धतीत परत जाण्याचा विचार कोणी सुचवेलच, म्हणून तेही मोजून ठेवलंय. प्रमाणित वजावट ५०,०००, ८०सी दीड लाख, (१बी) ५०,०००, मालकाचं एनपीएस ९०,०००, व्यवसाय कर २,५००, आरोग्य विमा २५,०००. एवढं सगळं घेऊनही करपात्र १४,३२,५०० आणि कर २,५१,९४०. दुपटीहून जास्त. तुमच्या पगाराला जुनी पद्धत एनपीएससकट नव्या पद्धतीच्या बरोबरीला यायची तर एकूण वजावटी ७,७५,५०० व्हायला लागतात. मोठं घरभाडं किंवा गृहकर्ज असल्याशिवाय ते जमत नाही.

चूक होते ती पगारपत्रकात. काही ठिकाणी पेरोलवाले ही रक्कम तुमच्या निव्वळ पगारातून 'कर्मचारी वर्गणी' म्हणून कापतात. पैसे एनपीएसमध्ये त्याच दिवशी, तेवढेच जातात, पण ते (२) मध्ये बसत नाहीत आणि नव्या पद्धतीत वजावट शून्य. एप्रिलच्या स्लिपमध्ये विशेष भत्ता १०,५०० ने कमी झालाय आणि 'मालकाची एनपीएस वर्गणी' असा स्वतंत्र आकडा दिसतोय, एवढं बघा. पुढच्या वर्षी फॉर्म १६ आला की दुसरी तपासणी: ही रक्कम आधी ढोबळ पगारात मिळवलेली आणि मग खाली वजावटीत दाखवलेली असली पाहिजे. काही फॉर्म १६ मध्ये ती वर मिळवतच नाहीत, आणि कर्मचारी विवरणपत्रात पुन्हा वजा करतो. ती दुहेरी वजावट होते, आणि मग नोटीस.

मालकाचा पीएफ, एनपीएस आणि सुपरॲन्युएशन (कंपनीचा निवृत्तिनिधी) मिळून वर्षाला साडेसात लाखांच्या वर गेलं तर वरचा भाग करपात्र होतो. तुमचं मिळून २,३४,०००, चिंता नाही.

तिरकस

२६,००० वाचले खरे, पण पैसा साठीपर्यंत अडकला, आणि शेवटी ॲन्युइटी (जमलेल्या पैशातून विकत घ्यायचं आजीवन पेन्शन) घ्या, तिच्यावर कर भरा. ते पण सांगा की.

हिशेबनीस

सांगतो. मधे काढायची सोय तोकडी आहे: तीन वर्षांनंतर, ठरावीक कारणांसाठी, आणि स्वतःच्या वर्गणीच्या २५ टक्क्यांपर्यंतच. 'स्वतःच्या' या शब्दावर बोट ठेवा. इथे प्रश्न विचारणाऱ्या पगारदारांच्या बाबतीत सगळी वर्गणी मालकाच्या नावे जाणार, म्हणजे मधे काढण्यासारखं जवळजवळ काहीच नाही. ज्यांना साठीआधी हे पैसे लागतील त्यांनी १४ टक्के लिहू नये.

ॲन्युइटीच्या कराची भीती मात्र वाजवीपेक्षा जास्त आहे. समजा १ कोटी जमले, ४० लाखांची ॲन्युइटी घेतली आणि दर साडेसहा मिळाला. वर्षाला २,६०,०००, महिना २१,६६६. हे करपात्र खरं, पण तेव्हा पगार नसेल. आजच्या नव्या दरांत ४ लाखांपर्यंत कर नाही, आणि सवलत धरून १२ लाखांपर्यंत कर शून्य होतो. आज २० टक्क्यांनी वाचवून तेव्हा शून्याने किंवा ५ टक्क्यांनी भरणं हा तोट्याचा सौदा नाही. ॲन्युइटीविरुद्धचा खरा आक्षेप दराचा आहे. एकदा घेतलेला दर आयुष्यभर तोच, आणि महागाई चालूच.

एक गाठ इथे आहे. डिसेंबर २०२५ मध्ये पेन्शन नियामकाने बिगरसरकारी सदस्यांना साठीनंतर ८० टक्क्यांपर्यंत रक्कम एकदम काढायची मुभा दिली, ॲन्युइटी किमान २० टक्के. पण करमाफी नियामक देत नाही, आयकर कायदा देतो, आणि १९६१ च्या कायद्यातली कलम १०(१२ए) ची माफी ६० टक्क्यांपुरती लिहिलेली आहे. '८० टक्के करमुक्त' असे संदेश फिरतायत ते या दोन गोष्टींची खिचडी करून. यंदा साठी पूर्ण होणाऱ्यांनी ६० च्या वरचा भाग काढण्याआधी सनदी लेखापालाला गाठावं. पगारदारांना बावीस वर्षं आहेत.

पगारदार

हिशेबनीस, पासबुकं उघडली. जुन्या कंपनीत पेन्शनच्या रकान्यात सगळीकडे शून्य. या कंपनीत दर महिना १,२५०, आणि कंपनीच्या हिश्श्यात ७,७५०. जुनीने पेन्शन बुडवली असं समजायचं का?

पासबुकवाला

उलटं आहे. जुनी कंपनी बरोबर, नवी चुकली.

१ सप्टेंबर २०१४ पासून जो पहिल्यांदा पीएफमध्ये आला आणि ज्याचं पीएफ-पात्र वेतन तेव्हाच १५,००० च्या वर होतं, तो पेन्शन योजनेत बसत नाही. त्याच्या मालकाचे पूर्ण १२ टक्के पीएफमध्येच जायला हवेत. ७५,००० ला पूर्ण ९,०००.

कारण बहुतेक फॉर्म ११. रुजू होताना त्यात विचारतात: आधी पीएफ सदस्य होता का, आणि आधी १९९५ च्या पेन्शन योजनेचे सदस्य होता का. दोन प्रश्न एकाखाली एक आहेत, लोक दोन्हींना 'हो' ठोकतात. पेरोलच्या सॉफ्टवेअरला दुसरा 'हो' दिसला की ते १,२५० कापायला लागतं.

पंधरा महिन्यांचे १८,७५० झाले. रक्कम लहान वाटते, पण आत्ताच दुरुस्त करा. वर्ग करतेवेळी किंवा शेवटी काढतेवेळी अधिकारी हे पकडतो आणि अख्खा दावा थांबतो. तेव्हा ही कंपनी सोडून पाच वर्षं झालेली असतील तर सह्या कोण देणार? आत्ता एचआरला लिहा की पेन्शन सदस्यत्व चुकीने लागलंय. कंपनी पीएफ कार्यालयाला पत्र देते, सोबत तुमचा जुना सेवा तपशील, दुरुस्त फॉर्म ११ आणि वेतनाचा पुरावा. पैसे पेन्शनच्या खात्यातून तुमच्या पीएफमध्ये व्याजासह वळते होतात. पुढच्या महिन्यापासून कपात थांबली का ते पासबुकात बघा. दुरुस्ती झाल्यावरच जुनं खातं वर्ग करायला टाका, तोपर्यंत जुन्याला हात लावू नका.

इतरांसाठी: जे आधीपासून पेन्शन योजनेत आहेत त्यांनी हे वाचून घाबरू नये. त्यांचे १,२५० बरोबर जातायत. आणि खातं वर्ग झाल्यावर नव्या पासबुकात जुनी पेन्शनची रक्कम दिसत नाही, म्हणून दर आठवड्याला कोणीतरी धागा काढतो. ती दिसायचीच नाही. पेन्शनमध्ये पैसे वर्ग होत नाहीत, सेवेची वर्षं वर्ग होतात. सूत्र पेन्शनपात्र वेतन गुणिले सेवा भागिले ७०. १५,००० वर ३० वर्षं झाली तर, वीस वर्षांनंतरची दोन वर्षांची बक्षिसी धरून, ६,८५७ महिना.

मास्तरीणबाई

थोडं विषयांतर. जिल्हा परिषदेत शिक्षिका, नोकरी २००५ च्या नोव्हेंबरनंतरची, त्यामुळे एनपीएस. जुन्या करपद्धतीत आहे, गृहकर्ज चालू आहे. माझी वर्षाची वर्गणी ७२,०००. ८०सी गृहकर्जाच्या मुद्दलात आणि विम्यात भरून जाते. कार्यालयातले लिपिक म्हणतात, तुमची वर्गणी ८०सीच्या दीड लाखातच येते, वेगळं काही मिळत नाही. बरोबर का?

हिशेबनीस

ताई, चूक. (१बी)च्या ५०,००० साठी नव्याने पैसे भरावे लागत नाहीत. तुमच्या पगारातून कापलेल्या त्याच ७२,००० पैकी ५०,००० तुम्ही (१बी)मध्ये मागू शकता, उरलेले २२,००० ८०सीच्या टोपलीत. टोपली आधीच भरलेली असेल तर ते २२,००० वाया, पण ५०,००० सुटतात. एकच रुपया दोन्हीकडे मागायचा नाही, एवढीच अट. फॉर्म १६ मध्ये नसेल तरी विवरणपत्रात घेता येतं, वर्गणीचं विवरण जवळ ठेवा. शासनाचा हिस्सा त्याहून वेगळा, ८०सीसीडी(२), तुमच्यासाठी दोन्ही पद्धतींत १४ टक्क्यांपर्यंत. जुनी पद्धत हवी असेल तर विवरणपत्र मुदतीच्या आत भरा. उशीर झाला की नवीच लागू होते.

पासबुकवाला

पगारदार, पीपीएफवर चर्चा झाली, पण तुमच्या हाताशी त्याहून वरची पायरी आहे आणि कोणी बोललं नाही. व्हीपीएफ, म्हणजे पीएफमध्येच स्वतःहून भरायची जादा वर्गणी.

पीएफचा २०२४-२५ चा दर ८.२५ टक्के. स्वतःची वर्गणी, सक्तीची अधिक ऐच्छिक मिळून, वर्षाला अडीच लाखांपर्यंत असेल तर व्याज पूर्ण करमुक्त. तुमचे सक्तीचे १,०८,००० जातात, म्हणजे १,४२,००० ची जागा रिकामी. त्याच पैशाला पीपीएफ ७.१ देतं. म्हणून आधी ही जागा, मग पीपीएफ.

अडीच लाखांची रेघ ओलांडू नका. वरच्या रकमेचं व्याज दरवर्षी करपात्र. २०.८ टक्क्यांनी ८.२५ चे हातात ६.५३ उरतात, ३१.२ टक्क्यांनी ५.६८. पीपीएफपेक्षा वाईट. १० टक्के स्लॅबवाल्याला मात्र ७.३९ उरतात, त्याला तरीही परवडतं. आणि एकदा जास्तीचा पैसा आत गेला की तो पीएफच्या 'करपात्र' कप्प्यात बसतो, आणि त्याचं व्याज, व्याजावरचं व्याज, पुढची सगळी वर्षं करपात्र. पुढच्या वर्षी वर्गणी कमी केली म्हणून तो बाहेर येत नाही.

रक्कम ठरवताना अशी फसगत होते. कंपन्या व्हीपीएफ टक्क्यांत विचारतात. तुम्ही १४ टक्के लिहिलंत: महिना १०,५००, सक्तीसकट १९,५००, वर्षाला २,३४,०००. रेघेच्या आत, छान. मग जुलैत पगारवाढ, मूळ वेतन ८२,५००. आता २६ टक्क्यांचे २१,४५०. तीन महिन्यांचे ५८,५०० अधिक नऊ महिन्यांचे १,९३,०५०, झाले २,५१,५५०. रेघ ओलांडली. टक्क्यांऐवजी ठोक १०,५०० लिहिलंत तर त्याच पगारवाढीनंतर २,४२,१००. ठोक रक्कम घेतात का ते विचारा. नसेल घेत तर १२ टक्के लिहा.

तिरकस

एनपीएसचेही १०,५०० आणि व्हीपीएफचेही १०,५००. एचआर दोन्ही एकच समजून एकच कापेल, बघा. आणि पगारदार, दोन्ही घेतलेत तर हातातला पगार महिना १८,८२० ने खाली येतो. गाडीचा हप्ता चालू आहे. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला नसेल तर व्हीपीएफ पुढच्या वर्षी.

वहिनींचं राहिलं. फ्रीलान्सरला मालक नाही, म्हणून (२) नाही. नव्या पद्धतीत स्वतःच्या एनपीएसवर काही नाही. त्यांचं निव्वळ उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर कर तसाही शून्य, वजावट हवी कशाला? त्यांच्या नावाने पीपीएफ उघडा, नवऱ्याची आणि बायकोची दीड लाखाची मर्यादा वेगवेगळी. तुम्ही दिलेले पैसे त्यांनी भरले तर व्याज कायद्याने तुमच्या उत्पन्नात जोडलं जातं, पण ते करमुक्त असल्याने फरक पडत नाही. फरक पडतो मुदत संपल्यावर ते पैसे बँकेत ठेवले की. म्हणून त्यांच्या कमाईतूनच भरा आणि घरखर्च तुमच्या पगारातून चालवा.

पगारदार

सगळ्यांचे आभार. गाडीचं कर्ज राहू दे. एनपीएस १४ टक्के घेतो, व्हीपीएफ पुढच्या वर्षी. एचआरला नेमकं काय लिहू? आमच्याकडे एकदा मेल गेला की वर्षभर बदलत नाही.

हिशेबनीस

इंग्रजीत लिहालच, आशय असा ठेवा:

"एप्रिल २०२६ पासून मूळ वेतनाच्या १४ टक्के एनपीएस, मालकाची वर्गणी म्हणून, विशेष भत्त्यातून वळती करावी. कर्मचारी वर्गणी शून्य. व्हीपीएफ शून्य. माझी करपद्धत नवी.

स्वतंत्र विषय: मी पीएफमध्ये पहिल्यांदा आलो तेव्हा वेतन १५,००० च्या वर होतं आणि पेन्शन योजनेचा सदस्य मी कधीच नव्हतो. रुजू झाल्यापासून दरमहा १,२५० पेन्शनमध्ये चुकीने जमा होत आहेत. कपात थांबवावी आणि जमा रक्कम पीएफमध्ये वळवण्यासाठी पीएफ कार्यालयाला पत्र द्यावं. दुरुस्त फॉर्म ११ आणि जुन्या पासबुकाची प्रत सोबत जोडली आहे."

दोन विषय दोन मेलमध्ये पाठवा. एकात पाठवले तर पहिल्याचं उत्तर येतं आणि दुसरा तसाच राहतो.